बर्फ पाडण्याचे नियम

वेंगुर्ला बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
दर बुधवारी रात्री आम्ही चौघं खेळतो.
टेबल म्हणजे माशांचे दोन क्रेट, वर मोडक्या दाराची फळी.
राक्षस म्हणून काजूच्या बिया.
वीस बाजूंचा फासा आता एकच उरलाय,
दुसरा फळ्यांच्या फटीतून खाली खाऱ्या टाकीत पडला.
असेल अजून तिथेच, कुठला आकडा वर धरून
कोण जाणे.

खेळ मी चालवते. दिवसा इथेच पावत्या फाडते.

रुजार डिसोजाचा गडी मायावी आहे:
तलवार नाही, चिलखत नाही, नुसतं दाखवणं.
त्या दिवशी घाटाच्या दारात पहारेकरी आडवे आले,
सात पिढ्या हिमात काढलेले,
आणि रुजार म्हणाला, "मी बर्फ पाडतंय."
"कसो पडता तां सांग."
त्याने डोळे मिटले.
"धाडकन पडता. लांब लांब लाद्यो. वाफ येता वर.
कडेक भुसो चिकटलेलो."

कोणी काही बोललं नाही.
मग दिगंबर केळुसकर फळीवर डोकं ठेवून हसायला लागला.
"मेल्या, तुझ्या बर्फाक बांगड्याचो वास येता!"

मी फासा टाकू दिला नाही. त्यावरून भांडण.
हेमांगी कुबल म्हणे, पुस्तकात आहे,
हात लावून बघेपर्यंत खरंच मानायचं.
दिगंबरचं म्हणणं, आग खरी वाटली तर फोडही यायला हवा,
नाहीतर मायेला भ्यायचं कशाला?
मी पावतीच्या पाठीवर लिहीत गेले, खोडत गेले.
फोड येणार नाही.
पण आगीला बिचकून मागे सरला आणि कड्यावरून गेला
तर तो गेला. कडा माझा आहे, तो खोटा नाही.
मायेच्या पुलावर पाय टाकला तर पडणारच,
पूल कितीही सुंदर सांगा.
शंका आल्याशिवाय फासा नाही,
आणि शंका यायला त्या बापड्याला काहीतरी ठाऊक हवं.
करणाऱ्यालाही.
जे तू पाहिलं नाहीस ते तू दाखवणार कुठून?

रुजार गप्प. उठून गेला, चहाही न पिता.

पुढच्या बुधवारी तेच दार, तेच पहारेकरी.
मला वाटलं, वादळ आणेल, ते त्याला येतं.
त्याने काहीच आणलं नाही.
म्हणाला, त्यांच्या मागं, जिन्यात,
कोणीतरी चपला काढतंय.
एक. मग थोडं थांबून, भिंतीला हात टेकून, दुसरी.
बस.

मी, जिने तो घाट, ते दार, ते पहारेकरी
स्वतः चौकटीच्या वहीत काढले होते,
मी वळून जिन्याकडे बघितलं.

हेमांगीने फासा उचलला, माझ्यापुढे धरला.
मी नको म्हटलं.
पहारेकरी आत गेले, ह्यांनी घाट ओलांडला,
काजूच्या तीन बिया मी बाजूला ठेवल्या.
त्यातली एक दिगंबरने फोडून खाल्ली.

निघताना धक्क्यावर उभे राहिलो.
दूर, दीपगृहाच्याही पलीकडे, पाण्यावर पांढरा उजेड,
चांदणं नसताना चांदण्यासारखा.
उद्या रात्री रुजार त्याच बोटीवर जाणार,
दिवे सोडायचं काम त्याचं.
"चंद्र समजून येतत माकुलां," तो म्हणाला, "वर, एकदम वर."
मी विचारलं, एखाद्याला तरी शंका येत नाही?
विडी पेटवली त्याने.
"त्येंका फासो गावणा नाय, बाये."

शुक्रवारी सकाळी माकुलांचे सतरा क्रेट आले.
मी पावती फाडली. खाली साखळी सुटली,
बर्फ पडला.
धाडकन, लांब लाद्यांनी, कडेला भुसा,
वर वाफ.