झाकण

शहापुरात, खडेबाजाराच्या उताराला,
साड्यांच्या ओळीत माझं दुकान पटकन सापडत नाही.
आत भिंतभर कप, ढाली, काचेची पानं,
लाकडी पाटावर पितळेचे सूर्य,
आणि सगळ्यांवर नावापुरती मोकळी जागा.
त्या मोकळ्या जागेचेच पैसे मी घेतो.
अक्षराला दोन रुपये, जोडाक्षराला तीन.
कन्नडला वेगळा दर नाही.
वळणं जास्त, पण छिन्नी तीच.

थंडीत माझा हंगाम.
पोस्टाच्या पेटीएवढ्या गावालासुद्धा संमेलन असतं,
संमेलनाला अध्यक्ष, स्वागताध्यक्ष,
आणि कवीला मानचिन्ह.
ग्रंथदिंडीच्या आदल्या रात्री मोटरसायकल थांबते,
"भरमाण्णा, एक नाव राहिलं की!"
राहिलेलं नाव नेहमी देणगीदाराचं.

यंदा विज्ञानाची ढाल डोंगराकडच्या एका पोरीला.
काजूच्या टरफलाचं तेल लावून
तिनं शाळेच्या दाराची वाळवी थांबवली.
रेणुका सातेरी चिगरे.
बाप आधीच बघायला आला, चपला बाहेर काढून.
वाचता येत नव्हतं. बोट फिरवत गेला खाचांतनं,
"एवढी सगळी तिची अक्षरं?"
म्हटलं, मधली तुझी.
मग तो मधल्यावरच थांबला बराच वेळ,
आणि बस चुकली त्याची.

आणि शांततेचं सांगायचं तर,
त्या वर्षी माझ्या पाटीला डांबर फासलेलं.
तीन आठवड्यांनी शांतता समितीची ऑर्डर आली,
पाच ढाली, अर्धे पैसे आगाऊ.
यादीतलं दुसरं नाव वाचून मी चष्मा पुसला.
शटरच्या फटीतनं मी तो हात बघितला होता,
अंगठ्याला पट्टी होती.
कोरलं नाव. दोन्ही लिप्यांत, सांगितल्याप्रमाणं.
हात हलला नाही,
हे लोकांना कौतुकानं सांगायचो आधी.
आता सांगत नाही.

एक तबकडी तेवढी कुणी नेलीच नाही.
पितळेची, गोल, दीड वितेची.
'विद्वत्तेसाठी. डॉ. कुमुदिनी हुद्दार यांस.'
देणाऱ्या संस्थेत दोन गट पडले,
दोघांनी दोन कुलपं लावली,
पैसे कुणीच दिले नाहीत.
सात वर्षं ती मोडीत घालायचं मनात होतं,
पण नाव असलेलं पितळ वितळवायला हात होईना.
बायकोनं एक दिवस उचलली
आणि दुधाच्या पातेल्यावर ठेवली. बरोब्बर बसली.

परवा बाई स्वतःच आल्या दुकानात,
दारावरची पाटी बदलायला. घर लहान केलंय म्हणाल्या.
पंधरा वर्षं हिंडल्या त्या निपाणीपासून खानापूरपर्यंत,
चुलीपुढं बसून शब्द गोळा करत:
आपलं तूप आधी, का त्यांचं तुप्प?
अण्णा कुणाचा, अक्का कुणाची?
मी चहा सांगितला.
बायकोनं पातेलं तसंच बाहेर आणलं, झाकणासकट,
आणि मला एकदम घाम फुटला.

बाईंनी झाकण पदरानं धरून उचललं.
खालच्या बाजूला वाफेचे थेंब,
वरच्या बाजूला त्या.
वाचलं. पुन्हा वाचलं, डोळ्यांजवळ नेऊन.
मी माफीची जुळवाजुळव करत होतो.
"भरमाण्णा," त्या म्हणाल्या,
"कुमुदिनीतली पहिली वेलांटी ऱ्हस्व. तुम्ही दीर्घ केलीय."

म्हटलं, द्या इकडं, नीट करून देतो,
पैसे नकोत.
"राहू दे," म्हणाल्या, "दुधाला कळत नाही."
मग बोटानं साय जरा बाजूला सारली
आणि बायकोला विचारलं,
याचं लोणी काढता तेव्हा, तुमच्या माहेरी,
कढवताना काय म्हणायच्या बायका?

बायको सांगत बसली.
बाईंनी पिशवीतनं वही काढली.
माझ्या हातात झाकण, कुठं ठेवावं कळेना.