पंच्याण्णव दाणे

चौतीस वर्षं या काउंटरमागे उभा आहे मी,
ब्यूट गावात, मोंटानात,
जिथलं तांबं संपलं आणि डोंगराच्या पोटातला खड्डा तेवढा उरला.
लोक विचारतात, सगळ्यात भारी गोळी कुठली?
मी विचारतो, पिस्तूल कुठलं?
जोडा पायाला बघून घ्यावा, आरशाला नाही.

फेब्रुवारीत ती आली. मिलेना व्हुकासोविच.
हॉस्पिटलच्या लाँड्रीतली रात्रपाळी संपवून,
हातांना ब्लीचचा वास.
भांडी पुसायच्या फडक्यात बापाचं पिस्तूल,
स्लाइड मागे ओढलेली, मॅगझिन वेगळं, नळी जमिनीकडे.
शिकवलं होतं म्हाताऱ्यानं.
तीन-ऐंशीचं. माझ्याहून दोन वर्षांनी थोरलं.

"पोकळ टोकाची द्या," ती म्हणाली,
"लागली की फुलते, तिथंच थांबते, असं ऐकलंय."
बरोबर ऐकलं होतंस, बाई,
पण आधी ती याच्या घशाखाली उतरायला हवी.

मागच्या रेंजवर गेलो.
पहिल्या डब्यातली तिसरीच अडकली.
दुसऱ्या, महागड्या डब्यातली पाचवी:
रिकामी पुंगळी स्लाइडच्या जबड्यात उभी,
थेट टेकडीवरच्या बंद खाणीच्या सांगाड्यासारखी.
स्प्रिंग बदलून पाहिली. मॅगझिन बदलून पाहिलं.
फार जोराची दिली तर याची हाडं खिळखिळी होणार,
मिळमिळीत दिली तर स्लाइड अर्ध्यातच दम टाकणार.

मग साधी, गोल नाकाची, तांब्यानं मढवलेली.
पंच्याण्णव ग्रेन. ग्रेन म्हणजे दाणा;
कधीकाळी कुणी जवाचे दाणे टाकून शिसं तोललं असणार.
पन्नास झाडल्या. पन्नासही गेल्या,
बोळक्या तोंडानं पेज प्यावी तशा.

ती हसली. आल्यापासून पहिल्यांदा.
आणि मला सांगावं लागलं:
ही थांबत नाही.
माणसातून पार जाते, मग भिंतीतून.
आपल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे काय,
खडूला दोन्हीकडून कागद चिकटवलेला.

तिनं कानावरची टोपणं काढली.
"दार. मग पॅसेज. मग भिंत,"
ती बोटं मिटत मोजत होती.
"मग एमेट."
चौथं बोट तिनं मिटलं नाही.

बराच वेळ आम्ही हीटरची घरघर ऐकली.
दुसरं घे, म्हणालो, हप्त्यानं देतो.
बापाचं आहे, म्हणाली. एवढंच.
गोल नाकाचा एक डबा घेतला,
सुटे पैसे मोजून ठेवले, गेली.

आठ दिवसांनी परत आली.
वाटलं, डबा परत करायचा असेल.
गोळ्या परत घेत नाही, पाटीच आहे तशी,
पण घेतला असता.
"पलंग फिरवला," ती म्हणाली.
"दारासमोर आता विटांची जुनी चिमणी येते,
तिच्यामागे टेकडी.
एमेट माझ्या डोक्यामागच्या खोलीत.
भावाला बोलावून कपाट ओढलं,
त्याची पाठ धरली, माझ्या नावानं खडे फोडतोय."
मग तिनं कुलपाची लहान पेटी मागितली.
बोटाच्या ठशाची नको, आकड्यांची.
आकडा कुठला ठेवू, हेही विचारलं.
मला सांगू नकोस, म्हणालो.

त्या रात्री घरी गेलो.
माझ्या उशाशी नवं, नव्या गोळ्यांचं,
एकदाही न अडकलेलं.
बूट न काढताच पलंगावर बसलो, दाराकडे पाहिलं,
उठलो, दाराशेजारच्या भिंतीवर टकटक केलं.
पोकळ आवाज आला.
"कोण आहे?" पलीकडून इर्या म्हणाली,
हातातलं विणकाम न थांबवता.
"ये ना, दार उघडंच आहे."