मागचे दोन गोळे

रबाळ्याच्या एमआयडीसीत, ट्रान्सफॉर्मरमागच्या शेडमध्ये
हसुराम म्हात्रे डिकीवर बसतो.
सबंध बसतो, अठ्ठ्याऐंशी किलो.
गाडी ढिम्म.
"दादा, ही गारी नाय राहिली. ओटा झाला."

मी सव्वीस वर्षं बॉयलर तपासले,
तुर्भ्यापासून कळव्यापर्यंत.
दाबाचं मला कुणी शिकवू नये.
तरी हे ध्यानात आलं नाही
की न वापरताही निसटतो नायट्रोजन
रबराच्या पडद्यातून, कणाकणानं,
ऐरोलीच्या पार्किंगमध्ये, कव्हरखाली,
जिथं मांजर दोनदा व्याली.

पट्ट्याचा पाना लावून त्यानं गोळा सोडवला.
नारळाएवढा, हिरवा रंग पोपडे धरलेला.
गेजवर अकरा.
हवेत चाळीस.

पुदुच्चेरीचा सेल्वम फोनवर विचारतो, कोणते देऊ?
मूळचे आहेत.
मऊ आहेत, आतलं भोक मोठं, तेल सैल धावतं.
जुन्यालाच झडप बसवून भरलेले आहेत, निम्म्या भावात.
शिवाय दुपदरी पडद्याचे, बारा वर्षं बघायला नको.
बारा, मी म्हणालो,
आणि पुढची बेरीज केली नाही.

कुमुदताई मंगळवार, गुरुवार, शनिवार
ऐरोलीहून ठाण्याला जाते, डायलिसिसला.
जाताना बरी असते, भाजीचे भावबिव विचारते.
येताना विटाव्याच्या पुलाखाली रिक्षा आदळते
आणि ती घट्ट धरते,
माझा हात नव्हे, दांडी.

म्हणून मी म्हणालो, मऊ. चारही मऊ.
हसुराम चिंध्यांनी बोटं पुसत राहिला.
"मऊ म्हंजे डुलनार. माझी आत्या होडीतनं सासरी आली,
घणसोलीपत्तुर ओकत.
नवऱ्यानं तोंड बघितलं तं हिरवं."

रात्री कागदावर गोळा काढला.
वर वायू, खाली तेल, मधे पडदा.
भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये, दोन्ही प्रकारचा.
ताईपुढे ठेवला, गोळ्यांच्या डब्याशेजारी.
(त्या वेगळ्या गोळ्या. त्यांच्यात निवड नसते.)
ती चष्म्याशिवायच बघत होती.
ठाण्याच्या कोर्टात स्टेनो होती ती,
वकिलाचं वाक्य संपायच्या आत कागदावर असायचं.
"खड्डा कळू दे रे," म्हणाली.
"लागू नको देऊ, एवढंच.
डोळे मिटलेले असतात माझे,
कुठवर आलो ते मी खड्ड्यांवरून मोजते."

मग पुढचे मूळचे, पंचावन्नचे.
मागचे, जिथं ती बसते, मऊ,
पण सेल्वमच्या यादीतले सर्वांत मऊ नव्हेत, त्याच्या अलीकडचे.
असं अर्धं-अर्धं कुणी मागत नाही, तो म्हणाला.
मी म्हटलं, मी मागतोय.

पार्सल नऊ दिवसांनी आलं, तमिळ वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.
रिंगला तेलाचं बोट लावून
हसुरामनं गोळे नुसत्या हातानं आवळले.
"पाना सोडवायला. लावायला हात."
इंजिन सुरू केलं.
पंप टकटकत राहिला, बराच वेळ नुसता टकटकत,
शेजारच्या शेडमधला पोरगा चहा घेऊन आला, बघत उभा राहिला.
मग म्हैस उठते तशी
आधी मागचं,
मग दमानं पुढचं.
हसुराम डिकीवर बसला.
खाली गेला. थांबला.
आणि काही न करता, ग्लास हातात तसाच,
पुन्हा वर आला.
"आता गारी," एवढंच म्हणाला, त्या उंचीवरून.

शनिवारी परतताना मी आरशातच जास्त बघत होतो.
तिचं डोकं मागे टेकलेलं, हात मांडीवर, उघडे.
"विटावा," ती म्हणाली, डोळे मिटूनच.
थोड्या वेळानं, "दिघा."
मग काहीच नाही.
पुष्कळ वेळ काहीच नाही.
मी वेग कमी केला. "ताई?"
"अरे, कुठं आलो?"
"ऐरोलीचं वळण. रस्ता नवा केलाय इथं, कालच."
"मग सांगायचं नाही का," ती म्हणाली,
आणि नाइलाजानं डोळे उघडले.