शेरा

माझ्याकडं दोन कामं आहेत.
पाच दिवस नोंदवहीत पाणी लिहायचं,
शनिवार-रविवार बोटीची तिकिटं फाडायची.
साहेब म्हणतात, दोन्हीकडं आकडेच की हो, पाडळकर.

वहीत रकाने: तारीख, वेळ, फूट, दरवाजे, शेरा.
दरवाजे आपसूक उघडतात, कुणाच्या बापाला न विचारता.
तिसरा उघडला की कोल्हापुरात पानपट्टीवर
बातमी माझ्या आधी पोचलेली असते,
आणि राजाराम बंधाऱ्यावर माणसं फूट बघायला जमतात
घरातल्या पोराची उंची मोजावी तशी.
शेऱ्यात मी लिहितो: निरंक.
सव्वीस वर्षं निरंक.

रविवारी शहर येतं गाड्या भरून.
जाकीट छातीला पुरत नाही म्हणून रुसलेला तालमीतला पैलवान,
डब्यातला झुणका भिंतीवर उघडणाऱ्या बायका,
‘काका, गवा कुठं दिसतो?’
दिसतो बाळ, पण तो तिकीट बघून येत नाही.

मागल्या उन्हाळ्यात छप्पर शाकारताना
माळ्यावरची ट्रंक खाली घेतली.
आत एक वही, कडा वाळवीनं खाल्लेल्या, सगळी मोडीत.
भिंत अर्ध्यावर थांबली होती तेव्हाची.
कुठल्याशा लढाईनं पैसा गिळला म्हणे,
आणि अर्ध्या भिंतीची राखण करायला ठेवलेला
हा कोण तातोबा गवंडी.

निपाणीकर मास्तरांनी भिंग लावून वाचलं.
चुना, घमेली अमुक. पाणी, हात तमुक.
दोन गडी तापानं पडून.
पलीकडच्या वाडीची शेवटची गाडी वर गेली, देव घेऊन.
मग चैत्रातल्या एका तारखेला मास्तर अडले.
भिंग धोतराला पुसलं, परत लावलं.
‘आज काम नाही. पोहलो.’

एवढंच. पुढच्या पानावर पुन्हा चुना.

मला पोहता येत नाही.
हे इथं कुणाला ठाऊक नाही.

त्या रविवारी शेवटची बोट बांधली,
पैलवानानं टाकलेलं जाकीट अंगात घातलं
आणि पायऱ्या उतरत गेलो.
घोटा. गुडघा. कंबर.
ज्याला इतकी वर्षं फुटांत लिहिलं
ते बेंबीला गार लागलं, मी ओरडलोच,
पलीकडच्या झाडीतून काहीतरी जड
फांद्या मोडत निघून गेलं.

सोमवारी शेऱ्यात लिहिलं: छातीइतकं गेलो.

साहेबांनी लाल शाईनं गोल केलाय.
खाली, खुलासा करावा.

अजून केला नाही.