बिटाचं पाणी

ग्दान्स्कमध्ये बाईला ‘पानी’ म्हणतात
आणि बाप्याला ‘पान’.
तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या पानी ओटिलियांच्या न्हाणीघरातून
तिसऱ्या मजल्यावरच्या पान एराझम यांच्या छतावर
जो डाग उतरला,
तो पानीचा की नुसताच पाण्याचा,
हे ठरायला अकरा दिवस लागले.

डाग आधी बशीएवढा होता.
मग ताटलीएवढा. मग त्याला काठ फुटला,
चहाच्या कपाखाली उमटतो तसा, तपकिरी.
एराझम रोज सकाळी शिडीवर चढून
पेन्सिलीने त्याची कड आखत, शेजारी तारीख लिहीत.
जहाजं बांधण्यात आयुष्य गेलेलं.
पाणी आत येतं म्हणजे काय,
हे त्यांना कुणी शिकवायला नको.

प्लंबर म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू.
टाइल्स फोडाव्या लागतील. सगळ्या.
ओटिलियांनी फोन ठेवला, चष्मा चढवला.
एकतीस वर्षं ट्राम चालवली होती त्यांनी:
आवाज बिघडला की आधी थांबायचं,
मग ऐकायचं.

शॉवरचं तोंड ठिबकत होतं, ते काढलं.
आतला रबरी वायसर बिस्किटासारखा तुटून हातात आला.
नवा बसवला, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली,
सात वेढे, आट्यांच्याच दिशेने.
ठिबक थांबली.
डाग थांबला नाही.

रात्री झोपण्यापूर्वी मीटरचे आकडे
विजेच्या बिलामागे टिपले.
सकाळी तेच आकडे, शेवटच्या लाल अंकासकट.
म्हणजे नळ निर्दोष.
म्हणजे फक्त अंघोळीच्या वेळी,
कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग त्यांनी बिटं उकडली.
सुपासाठीच आणलेली, पण सूप थांबू शकतं.
शॉवरखालच्या उथळ हौदाचं तोंड बंद केलं,
लाल पाणी भरलं, पातळीला खूण केली.
खाली एराझम जेवणाच्या टेबलावर उताणे,
टॉर्च घेऊन.
पाइपांच्या पोकळीत तोंड घालून त्या विचारत:
काही?
काही नाही!
बूच काढलं. लाल पाणी गुरगुरत गेलं.
काही?
काही नाही!
मग मगाने भिंतीवर. डावा कोपरा.
उजवा. मग मध्येच, कमरेच्या उंचीवर,
पाय घसरला की हात जिथे जातो तिथे.

वीस मिनिटं गेली.
‘गुलाबी!’ खालून आरोळी आली.
‘पानी ओटिलिया, गुलाबी!’
आपल्या छतावर इतकं खूश होताना
त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

चार भोकं होती.
सासूबाईंच्या, तेओफिलांच्या, आधाराच्या दांड्याची.
सहा वर्षं रोज सकाळी त्याला धरून त्या म्हणायच्या,
पाणी गार आहे.
नसायचं.
मंगळवारी त्यांना पुरलं
आणि बुधवारी ओटिलियांनी दांडा उचकटला.
भोकांत टूथपेस्ट भरली. पांढऱ्यात पांढरी.
कुणाच्या लक्षात आलं नाही,
पाणी सोडून.

हेअरपिनने कोरून काढताना
अजून पुदिन्याचा वास येत होता.

दोन दिवस भिंत सुकवली, केसांच्या ड्रायरने.
ते दोन दिवस अंघोळ एराझमकडे;
टॉवेल, साबण, आणि भाडं म्हणून एक केक.
तिसऱ्या दिवशी तळघरात उतरून
जुन्या स्कीच्या मागून दांडा शोधून आणला.
भोकांत सिलिकॉन, त्यात स्क्रू, वर दांडा,
कडेने पुन्हा सिलिकॉन, साबणाच्या बोटाने सारखं केलेलं.
नुसती भोकं बुजवली असती तरी चाललं असतं.

सूप झालं शेवटी. जरा पातळच.

चौथ्या सकाळी शॉवर सोडला,
दांडा धरला,
आणि रिकाम्या न्हाणीघरात त्या मोठ्याने म्हणाल्या,
पाणी गार आहे.
होतंही थोडं.

खाली टेबलावर एराझम, डोळे छताला.
काही नाही.