सतरा तपकिरी पाकिटं

मेरीपोर्टला, बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानावर
आमची संस्था: एक खोली, एक किटली,
सात खुर्च्या, त्यातली एक डुगडुगती.
डुगडुगतीवर नोरीन थेक्स्टन स्वतः बसते.
येणाऱ्याच्या पायाखाली आधीच हलतंय, म्हणते.

पहिल्या वर्षी आम्ही अहवाल केला.
बेचाळीस पानं, रंगीत आलेख, मुखपृष्ठावर समुद्र.
लंडनला पाठवला. पोच आली:
आपल्या पत्राबद्दल आभार.
नोरीनने ती फ्रिजवर चिकटवली,
आणि उरलेल्या प्रतींच्या पाठकोऱ्या पानांवर
वर्षभर आम्ही चहा-साखरेचा हिशेब लिहिला.

दुसऱ्या वर्षी शहाणपण आलं, चमच्या-चमच्याने.
खासदार शनिवारी वाचनालयात बसतात,
लहान मुलांच्या कोपऱ्यात, बुटक्या टेबलाशी,
माणशी दहा मिनिटं.
दहा मिनिटांत गावाचं दुःख मावत नाही, नोरीन म्हणाली,
एकच मागणं न्यायचं.
ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही.
आणि मत कुणाला देता ते ओठांवर येऊ द्यायचं नाही,
धर्मादाय माणसं आपण, आपल्याकडे झेंडा नाही,
झेंड्याची काठीसुद्धा नाही.

मागणं ठरवायला तीन मंगळवार गेले.
मला दवाखाना हवा होता, गावातल्या गावात.
बर्किटला रात्रीचा फोन, कुणीतरी उचलणारा.
भांडलो. बिस्किटं संपली.
शेवटी उरलं ते अगदी बारकं:
तपासणीला माणूस आला नाही, तर त्याचे पैसे तोडण्याआधी
त्याला एकदा फोन करा.
एवढंच? मी म्हटलं.
एवढंच. एवढ्याला नाही म्हणताना लाज वाटेल त्यांना.

कॉलिन फेरनकडून आम्ही तालीम करून घेतली होती.
कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं,
भावाचं सांगायचं की नाही.
तो माझा भाऊ आहे, कॉलिन म्हणाला, पुरावा नाही.

त्या शनिवारी त्याला एक वाक्य आठवेना.
कोटाच्या आतून त्याने पिशवी काढली,
आणि टेबलावर, चित्रांच्या पुस्तकांशेजारी,
एकेक करून मांडली खात्याची पाकिटं.
तपकिरी. सतरा. सगळी बंद.
ही दारातून पडतात तेव्हा, तो म्हणाला,
मी जिन्यावर बसून राहतो. कधी अंधार होईपर्यंत.
तुम्ही उघडा एक.

खासदारांनी कडेने अंगठा चालवला,
कागद टरकन फाटला.
वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढला.
तारीख मागच्या मार्चमधली होती.
आमची दोन मिनिटं शिल्लक होती,
ती कुणी वापरली नाहीत.

मी मात्र पाहत होते त्यांच्या मदतनिसाकडे, टॅमसिनकडे,
बावीसेक वर्षांची, बोटांना शाई.
ती उठता उठता हळूच म्हणाली, फेरन नीट कसं लिहायचं?
तेव्हा मला कळलं, दार कोणत्या बाजूला आहे.

मे महिन्यात सभागृहात प्रश्न विचारला गेला.
उत्तर आलं: बाब विचाराधीन आहे.
म्हणजे घोंगडं भिजत पडलं,
तेही इथल्या डोंगरातल्या मेंढ्यांच्या लोकरीचं,
जाड, वाळायला वर्षं घेणारं.
नोरीन दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी टॅमसिनला फोन करते.
आधी तिच्या मांजराची चौकशी,
मग आमचं तेच एक वाक्य, शब्दही न बदलता.

आणि खात्याच्या कुठल्याशा कचेरीतली एक बाई
नियम नसताना, जेवणाच्या सुटीत,
न आलेल्यांना फोन लावते म्हणतात.
तिचं नाव आम्ही कुठेही लिहिलेलं नाही.

उरलेली सोळा आता आमच्या कपाटात.
दर मंगळवारी कॉलिन एक उघडतो, किटली तापेपर्यंत.
काल नववं होतं.
आत एकच ओळ:
आमच्या आधीच्या पत्राकडे दुर्लक्ष करावे.
तो हसला, आम्हीही हसलो,
मग आम्ही थांबलो आणि तो थांबेना,
आणि किटली शिट्टी घालत राहिली,
उठलं कुणीच नाही.