चौऱ्याऐंशी

ज्योतिबाच्या पायऱ्यांवर पहाटे साडेचारला
माझ्या पाठीवर अठरा किलो बीड असतं:
उद्यमनगरच्या भंगारातून निवडलेले
पंपाचे फुटके इम्पेलर, जुन्या साडीत गुंडाळून.
गुरव विचारतात, "नवस का?"
मी म्हणते, "व्हय."
नवसच म्हणायचा. सात हजार एकशे चौतीस मीटरचा,
किरगिझस्तानात, जुलैच्या शेवटी,
बँकेत साठवलेली सगळी रजा घालून
आणि भिशी दोनदा उचलून.

लेनिन शिखर. नाव ऐकून तात्या खोकला येईपर्यंत हसले.
"जल्मभर ज्याच्या नावानं घोषणा दिल्या,
त्याच्या डोस्क्यावर चढणार व्हय गं तू?"
मग म्हणाले, "चढ. युनियनची परवानगी हाय."

बूट पुण्याहून आले, कुणीतरी एकदाच वापरलेले,
दुहेरी, पिवळे, एकेक दीड किलोचा.
चप्पल लाईनीतल्या दत्तूमामांनी
आत हात घालून टाच चाचपली, वास घेतला.
"करकरत न्हाई म्हंजे बोलत न्हाई ह्यो.
चपलंला पाय कळतो.
ह्यात पायाला काय बी कळायचं न्हाई."
तरी डाव्या करंगळीपाशी
चामड्याची एक चकती चिकटवून दिली. पैसे घेतले नाहीत.

थंडी मात्र कोल्हापुरात विकत मिळत नाही.
दूध संघात शाळेतली मैत्रीण आहे, शमशाद.
रविवारी ती मला लोण्याच्या कोठारात सोडते,
उणे वीस, दहा मिनिटं.
खोक्यांच्या भिंतींमध्ये उभी राहून
जाड हातमोज्यांनी मी गाठ मारते, सोडते, मारते.
चौथ्या गाठीला बोटं माझी राहत नाहीत.
काचेपलीकडून ती हात हलवते: बास, आता भाईर.

हे सगळं जमतं.
पण हवा कमी कशी करायची?
पंचगंगेच्या काठी बसून
तिथली विरळ हवा कुठून आणायची?

बोटाला लावायचा चिमटा पोस्टानं आला.
माझे अठ्ठ्याण्णव. खूश झाले.
सहज, गंमत म्हणून, तात्यांच्या बोटाला लावला.

चौऱ्याऐंशी.

बोट चोळलं. दुसरं बोट.
चौऱ्याऐंशी.

एकतीस वर्षं फौंड्रीत साचे भरले त्यांनी.
ती वाळू अजून छातीत चाळत बसलेत.
आणि माझ्या कागदावर लिहिलंय:
पहिला कॅम्प, चार हजार चारशे मीटर.
असा आकडा दिसला तर घाबरू नये.
सावकाश. कमी बोलावं. पाणी.

म्हणजे माझ्या आधी पोचलेत.
खाटेपासून मोरीपर्यंत अकरा पावलं,
तंबूतून निघाल्यासारखे निघतात:
दोन पावलं, भिंत.
दोन पावलं, चौकट.

डॉक्टरांनी ऑक्सिजनचं यंत्र सांगितलं, भाड्याचं आणलं.
रात्रभर घुरघुरतं.
दिवसा तात्या नळी काढून खुंटीला अडकवतात.
मी जात नाही, असं एकदा म्हणून बघितलं.
दोन दिवस बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी ताट सरकवलं, संपावर बसल्यासारखं.
मग मी तिकीट काढलं.

तेव्हापासून मी त्यांच्या मागून चालते.
ओठांची चोच करून ते श्वास सोडतात,
गरम चहावर फुंकर घालावी तसा, लांब.
"घ्यायचं काय न्हाई गं, त्यो आपोआप येतोय.
सोडायला शीक."
परवा गायमुखाच्या पुढं, गुडघे बोलायला लागल्यावर,
अंधारात मी चहावर फुंकर घातली.
चहा नव्हता. पुढची पायरी होती.

सकाळी, शेजारच्या लेथचा पट्टा फिरायला लागतो तेव्हा,
तात्या आपणहून बोट पुढं करतात.
"किती?"
"सत्त्याऐंशी."
"मग काय," खुंटीवरल्या नळीकडं बघत,
"उतरलो म्हणायचं थोडा."